वर पळाल तर फसाल: २-२ मधल्या ब्लूपरचं प्रकरण

निन्टेंडोच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या व्हिडिओ गेममध्ये पाण्याखालची पहिली लेव्हल येते ती २-२, म्हणजे दुसऱ्या जगातली दुसरी. सुरुवातीला मारिओ आपला आपणच चालत जाऊन एका पाइपात शिरतो, पडदा निळा होतो, आणि तोवर शिकलेल्या गोष्टींपैकी निम्म्या एका झटक्यात निकामी होतात. इथे उडी नाही. ए बटण दाबलं की मारिओ हात मारून थोडा वर सरकतो, सोडलं की हळूहळू खाली बसतो. शत्रूच्या डोक्यावर उडी मारून त्याला चिरडायचं हा या खेळाचा पहिला धडा, पण पाण्यात तो चालत नाही. वरून टेका, खालून टेका, मार मारिओलाच बसतो. उपाय दोनच: आगीचे गोळे टाकणारा मारिओ असेल तर गोळा, नाहीतर थोडा वेळ अभेद्य करणारा तारा मिळालेला असताना सरळ धडक. कोजी कोंडो यांनी या भागाला दिलेलं संगीतही वॉल्ट्झ या पाश्चात्त्य नाचाच्या तीन मात्रांत डुलतं. बाकी खेळाच्या धावपळीपुढे ते इतकं निवांत वाटतं की खेळाडू गाफील राहतो.

आणि मग समोरून ब्लूपर येतो. दिसायला माकूल, म्हणजे स्क्विड. पांढरं टोकदार डोकं, दोन डोळे, खाली लोंबणाऱ्या सोंडा. अंग आखडून-सोडून हिसके देत चालतो.

प्रकरण असं. मारिओ छोटा आहे, आगबिग काही नाही. तळावर उभा आहे. थोडं पुढे तळ संपतो आणि खड्डा सुरू होतो. हा खड्डा नुसता रिकामा नाही, त्याच्यावरून जाताना पाणी मारिओला खाली ओढतं. खड्ड्याच्या अलीकडे, उजवीकडे वरच्या बाजूला एक ब्लूपर तरंगतो आहे. अशा वेळी बहुतेक खेळाडू एकच गोष्ट करतात. ब्लूपर आडवा आलाय, तर त्याच्या वरून जाऊ या. मग ए, ए, ए, ए. मारिओ वर चढतो. ब्लूपरही वर चढतो. खेळाडू अजून जोरात बटण हाणतो. ब्लूपर एक तिरका हिसका देतो आणि थेट मारिओच्या पोटात. पुढच्या खेपेला खेळाडू आधीच वर जाऊन थांबतो, अगदी पडद्याच्या वरच्या काठाला. ब्लूपर पायऱ्या चढत यावा तसा तिथेही येतो.

एवढ्यावर जो तो निष्कर्ष काढतो: हा प्राणी मागे लागतो. जिथे जाऊ तिथे येतो. मित्राला सांगतानाही माणूस हेच सांगतो, "तो स्क्विड सोडतच नाही."

हा निष्कर्ष अर्धामुर्धाच खरा आहे, आणि जेवढा खरा आहे तेवढाही भलत्या कारणाने. ब्लूपर मारिओचा माग काढतो, पण फक्त एका दिशेत. त्याचं लक्ष मारिओच्या उंचीवर असतं. डावं-उजवं तो जवळजवळ नशिबावर सोडतो. आणि घाबरलेला माणूस उंचीचाच खेळ करत असल्यामुळे या एका नियमाने तो पुरता अडकतो.

हे अंदाजाने सांगत नाही. १३ सप्टेंबर १९८५ ला जपानमध्ये आलेल्या या खेळाची मूळ कार्ट्रिज ४० किलोबाइटची, त्यातले ३२ प्रोग्रामचे आणि ८ चित्रांचे. एवढासा प्रोग्राम चाहत्यांनी केव्हाच सुटा करून, ओळ न ओळ उलगडून ठेवला आहे. ब्लूपर हलवणारा भाग त्यात छोटासाच आहे. एका बैठकीत वाचून होतो.

आता एक हिसका हळू करून बघू. खेळ सेकंदाला सुमारे ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची चित्रं, काढतो. ब्लूपर हिसक्याला सुरुवात करतो तेव्हा त्याचा वेग दर आठव्या फ्रेमला बदलतो. आधी फ्रेममागे १ पिक्सेल, आठ फ्रेमनंतर २, आणखी आठ फ्रेमनंतर परत १, आणि मग शून्य. हाच आकडा वर जाण्यासाठीही वापरलेला आहे आणि बाजूला जाण्यासाठीही, म्हणून हालचाल नेहमी पंचेचाळीस अंशांत तिरकी दिसते. गुणाकार-बेरीज केली तर ८ अधिक १६ अधिक ८, म्हणजे ३२ पिक्सेल वर आणि ३२ पिक्सेल बाजूला. मारिओच्या जगात एक ठोकळा १६ पिक्सेलचा. म्हणजे ब्लूपरची एक झेप दोन ठोकळे वर, दोन ठोकळे पुढे, आणि वेळ लागतो अर्ध्या सेकंदाहून कमी.

झेप संपली की वेग शून्य होतो आणि तो बुडायला लागतो. बुडण्याचा वेग दर दोन फ्रेमला १ पिक्सेल. बुडताना तो आडवा अजिबात हलत नाही, सरळ खाली. सुरुवातीला थोडा वेळ, अर्ध्या सेकंदाच्या आसपास, तो काहीच तपासत नाही, नुसता बुडतो. त्यानंतर मात्र दर फ्रेमला एकच प्रश्न विचारतो: माझ्या उंचीच्या १६ पिक्सेल खाली गेलं तर मारिओ लागतो का? मारिओ त्याहून खाली असेल तर बुडणं चालू. मारिओ त्या रेषेवर किंवा वर असेल तर बुडणं बंद, पुढची झेप.

बस. उभ्या दिशेतला सगळा शहाणपणा एवढाच.

आता हाच नियम मघाच्या दोन परिस्थितींत लावून बघा. मारिओ तळावर शांत उभा असेल, तर ब्लूपर बुडत बुडत त्याच्या डोक्याच्या थोडा वर येतो, क्षणभर थबकतो, आणि परत ३२ पिक्सेल वर उडी घेतो. मग पुन्हा बुडतो. म्हणजे त्याचा सगळा कारभार मारिओच्या वरच्या पट्ट्यात चालतो. पूर्ण फेरीला साधारण दीड सेकंद लागतो, कारण वर जायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुपटीहून जास्त खाली यायला लागतो.

पण मारिओ ब्लूपरपेक्षा वर गेला असेल तर? आता प्रत्येक वेळी प्रश्नाचं उत्तर एकच येतं: मारिओ रेषेच्या वर आहे, झेप घे. ब्लूपर ३२ पिक्सेल वर जातो, सक्तीच्या बुडण्यात १० ते २० पिक्सेल खाली येतो आणि लगेच पुढची झेप. दर फेरीला निव्वळ चढ. खेळाडूला ज्या पायऱ्या दिसतात त्या ह्याच. मारिओ जितका वर, तितका ब्लूपर हट्टी आणि तितकीच त्याची झेप वारंवार. खाली थांबलेल्या मारिओला झेपा कमी आणि बुडणं जास्त दिसतं; वर पळणाऱ्याला झेपाच झेपा. वरती पडद्यावर गुण आणि नाण्यांची जी पट्टी असते तिच्यापाशी ब्लूपरला थांबवलेलं आहे, पण मारिओलाही त्यापलीकडे फारसं जाता येत नाही, त्यामुळे वरच्या काठाला आसरा असा नाही.

खेळाडू ज्या बटणाने सुटका शोधतो तेच बटण ब्लूपरला हाक मारतं. शत्रू कसा रचावा याचे बरेच नमुने या खेळात आहेत, पण माझ्या मते यापेक्षा काटेकोर दुसरा नाही. गूम्बा, म्हणजे जमिनीवर चालत येणारा साधा शत्रू, चुकीच्या वेळेची शिक्षा देतो. ब्लूपर घाबरण्याची शिक्षा देतो, तेही खेळाडू घाबरलाय हे प्रोग्रामला कळण्याची काही सोय नसताना.

डावं-उजवं हे प्रकरण आणखी मजेशीर आहे. ब्लूपरची दिशा कधी बदलायची हे एका यादृच्छिक आकड्यावर ठरतं. दर फ्रेमला त्या आकड्यातले सहा बिट, म्हणजे शून्य किंवा एक असे सहा अंक, बघितले जातात, आणि सहाच्या सहा शून्य असतील तरच दिशेचा फेरविचार होतो. म्हणजे सरासरी ६४ फ्रेमला एकदा, सेकंदाला जेमतेम एक वेळ. मधल्या काळात मारिओ त्याला ओलांडून पलीकडे गेला तरी ब्लूपर आपला जुन्याच दिशेला झेपावत राहतो. २-२ मध्ये ब्लूपरच्या खालून निसटून गेल्यावर तो 'विसरल्यासारखा' वागतो, त्याचं कारण हे.

त्यातही फेरविचार प्रत्येक ब्लूपरचा सारखा नाही. खेळ एका वेळी जेवढे शत्रू सांभाळतो त्यांना क्रमाने जागा दिलेल्या असतात, शून्यापासून मोजलेल्या. सम क्रमांकाच्या जागेवरचा ब्लूपर सरळ हिशेब करतो: मारिओ माझ्या डावीकडे की उजवीकडे, त्या बाजूला तोंड. विषम जागेवरचा ब्लूपर मारिओ कुठे आहे हे बघतच नाही! तो फक्त मारिओ कोणत्या दिशेला चाललाय ते बघतो आणि तीच दिशा उचलतो. मारिओ उजवीकडे पोहतोय, तर हाही उजवीकडे.

हे पहिल्यांदा वाचताना विचित्र वाटतं. नक्कल करणारा शत्रू कशाला हवा? पण पडद्यावर दोन ब्लूपर एकदम आहेत असं धरा. एक मारिओकडे वळतो. दुसरा मारिओच्या मागे असेल तर नकलेमुळे तो पाठलाग करताना दिसतो, आणि पुढे असेल तर पुढेच राहतो, वाट अडवून. खेळाडूला वाटतं दोघांनी मिळून घेरलं. संगनमत वगैरे काही नाही. दोघांना एकमेकांचा पत्ताही नाही. क्रमांक सम की विषम यावर दोन वेगळ्या सवयी दिल्या आणि आपोआप घेराव तयार झाला. दोन्ही ब्लूपर मारिओकडेच वळले असते तर ते हळूहळू एकाच जागी गोळा होऊन एकावर एक चढले असते, आणि दोन शत्रूंचा एकच झाला असता. हे मुद्दाम केलं की सहज घडलं याबद्दल मी छातीठोकपणे बोलणार नाही, पण उपयोग झालाय एवढं नक्की.

परत खड्ड्याशी येऊ, कारण या प्रकरणातली खरी गाठ तिथेच आहे.

छोट्या मारिओला तळावर एक गुप्त सवलत आहे. खेळाच्या हिशेबात मारिओ छोटा असो की मोठा, त्याची चौकट ३२ पिक्सेल उंचच धरलेली आहे, आणि उंची मोजली जाते ती चौकटीच्या वरच्या काठाची. छोटा मारिओ त्या चौकटीच्या खालच्या अर्ध्या भागात असतो; वरचा अर्धा भाग रिकामा. ब्लूपर मात्र काठाचा आकडा धरून चालतो. तो बुडायचा थांबतो तेव्हा त्याच्या सोंडांच्या टोकात आणि छोट्या मारिओच्या टोपीत थोडी फट उरलेलीच असते. शिवाय दोघांचाही 'लागणारा' भाग चित्रापेक्षा लहान ठेवलेला आहे. तळावरून चालत जाणाऱ्या छोट्या मारिओच्या डोक्यावर ब्लूपर घिरट्या घालू शकतो, लागत नाही. मोठ्या मारिओला एवढी मोकळीक उरत नाही. मश्रूम खाऊन ताकद वाढवावी आणि नेमकी इथे ती अडचण व्हावी, हा उफराटा न्याय मला फार आवडतो.

मग सगळी लेव्हल तळावरून चालतच का जाऊ नये? दोन कारणं. एक तर पाण्याखाली चालणं पोहण्यापेक्षा हळू आहे आणि वर घड्याळ चालू आहे. दुसरं म्हणजे खड्डे. खड्ड्यावर तळच नाही, त्यामुळे पोहावं लागतं. आणि ओढ खाली खेचत असल्यामुळे नेहमीपेक्षा जास्त वेळा बटण दाबावं लागतं. ओढ नेमकी कुठवर आहे हे पहिल्या खेपेला कळत नाही, म्हणून माणूस गरजेपेक्षा दुप्पट वर जातो. वर गेला की ब्लूपरचा नियम उलटतो. म्हणजे लेव्हल आखणाऱ्यांनी ब्लूपरच्या वागण्यात जी एक सुरक्षित जागा होती ती खड्डे खणून ठिकठिकाणी तोडली. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांच्या चमूचं कौतुक नेहमी १-१ वरून होतं, तो पहिला गूम्बा, तो पहिला मश्रूम. मला विचाराल तर २-२ मधली ही खड्डा आणि ब्लूपरची जोडी त्याच तोडीची आहे, फक्त ती शिकवत नाही, परीक्षा घेते.

प्रकरणातल्या खेळाडूने करायचं काय, ते आता सरळ आहे. खड्ड्याच्या अलीकडे तळावर थांबायचं. ब्लूपर खाली येऊ द्यायचा, अगदी डोक्यापाशी. हे थांबणंच सगळ्यात अवघड, कारण हात बटणाकडे जातो. तो खाली येऊन थबकतो, आणि हे थबकणं खरोखरचं आहे: झेपेची सुरुवात आठच्या पटीतल्या फ्रेमलाच होते, त्यामुळे तोवर तो जागच्या जागी लटकतो. मग तो वर उडतो. उडाला की निघायचं. तो दोन ठोकळे वर आहे, परत खाली यायला त्याला सेकंदभर लागणार, आणि बुडताना तो आडवा सरकणार नाही. एवढ्या वेळात खड्ड्यावरून, ओढीला पुरून उरतील एवढेच हात मारत, जमेल तितकं खालून पलीकडे. बटण हाणायचं नाही, टिचक्या मारायच्या. एक बारीक गोष्ट: झेप तुम्हाला जायचंय त्याच दिशेने पुढे गेली तर ब्लूपर खड्ड्याच्या वर जाऊन बसतो आणि तिथेच सरळ खाली उतरतो. तसं दिसलं तर निघू नका, आणखी एक फेरी जाऊ द्या.

ही सगळी युक्ती २-२ पुरती. आणि इथे रचनाकारांनी जे केलं ते पाहून मी थक्क होतो. ७-२ चा नकाशा तोच आहे. तेच खड्डे, तीच प्रवाळं, तीच नाणी. शत्रू वाढवलेले आहेत, पण खरा फरक ब्लूपरच्या त्या यादृच्छिक आकड्यात आहे. ५-३ पासून पुढे खेळ आपल्या आत एक 'कठीण' खूण लावतो, आणि ती खूण लागली की सहा बिटांऐवजी दोनच बिट बघितले जातात. चौसष्टात एक ऐवजी चारात एक. सेकंदाला एकदा होणारा फेरविचार आता सरासरी पंधरा वेळा होतो. म्हणजे व्यवहारात ब्लूपर लगोलग वळतो, झेपेच्या मध्यावरसुद्धा. २-२ मध्ये खालून निसटलेला मारिओ सुटला असं म्हणता येत होतं; ७-२ मध्ये ब्लूपर हवेतच, म्हणजे पाण्यातच, तोंड फिरवतो. वेग तोच, झेप तीच, उंचीचा नियम तोच. एक आकडा बदलला आणि गाफील प्राणी सावध झाला. खेळाडूला नेमकं काय बदललं ते सांगता येत नाही, फक्त "इथले जास्त हुशार आहेत" एवढं जाणवतं. नवी लेव्हल आखायला जागा नव्हती, म्हणून जुनीच परत वापरली. पण परत वापरावी तर अशी.

जाता जाता: या नकाशाची तिसरीही एक आवृत्ती खेळाडूंना माहीत आहे. १-२ च्या शेवटी भिंतीतून आरपार सरकून शॉर्टकटच्या पाइपात वेळेआधी शिरलं, तर अमेरिकी कार्ट्रिजवर पडद्यावर 'वर्ल्ड -१' असं उमटतं आणि मारिओ याच पाण्यात येऊन पडतो. शेवटचा पाइप परत सुरुवातीला आणून सोडतो, त्यामुळे ही लेव्हल संपतच नाही. चुकून तयार झालेल्या जगातही रहिवासी कोण, तर ब्लूपर.

तुलनेला त्याच पाण्यातला दुसरा शत्रू घ्या, चीप-चीप मासा. तो उजवीकडून डावीकडे जातो, थोडा वर-खाली डुलतो, संपलं. मारिओ आहे की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नाही. एकटा असताना तो कंटाळवाणा आहे, पण ब्लूपरबरोबर कामाला येतो: ब्लूपर तुम्हाला उंची बदलायला लावतो आणि चीप-चीप त्या नव्या उंचीवर आधीच हजर असतो. दोन्हीही 'हुशार' असते तर पाणी खेळण्याजोगं राहिलं नसतं.

खऱ्या स्क्विडशी याचं नातं किती? वाटतं त्याहून जास्त. स्क्विड अंगातल्या पिशवीत पाणी ओढून नळीतून जोराने बाहेर फेकतो आणि त्या धक्क्याने सरकतो; हालचाल सलग नसते, धक्का आणि मग विसावा. शिवाय बऱ्याच जातींचं शरीर समुद्राच्या पाण्यापेक्षा जड असतं, पोहणं थांबलं की ते बुडायला लागतात. मारा, थांबा, बुडा, परत मारा: ब्लूपरच्या चार पायऱ्या इथूनच आल्यासारख्या आहेत. बाकी आठ हात आणि दोन लांब सोंडा १६ बाय २४ पिक्सेलच्या चित्रात बसवणं शक्यच नव्हतं.

पुढच्या खेळांत ब्लूपर वारंवार भेटतो, पण हे प्रकरण जसंच्या तसं पुन्हा फारसं घडत नाही. १९८६ च्या जपानी 'सुपर मारिओ ब्रदर्स २' मध्ये, ज्याला बाहेर 'द लॉस्ट लेव्हल्स' म्हणतात, त्याला पाण्याबाहेर काढून जमिनीवरच्या लेव्हलमध्ये हवेत तरंगत ठेवला. दिसायला विनोदी, पण तिथे त्याला चिरडता येतं, आणि चिरडता येणारा ब्लूपर म्हणजे नुसता उडता गूम्बा. १९८८ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' मध्ये एका प्रकाराच्या मागे पिल्लांची रांग आली, ती पुढे विखुरते. कल्पना चांगली, एका शत्रूने अडवायच्या जागा वाढवल्या. १९९० च्या 'सुपर मारिओ वर्ल्ड' मध्ये तो नाहीच. तिथे झोपलेला रिप व्हॅन फिश आहे, जवळ गेलं की जागा होऊन खरोखर मागे लागतो. आणि गंमत अशी की खरा पाठलाग करणारा हा मासा कमी भीतीदायक आहे, कारण तो कशाने उठतो ते पहिल्याच भेटीत कळतं. २००२ च्या 'सुपर मारिओ सनशाइन'ने त्याला रिको हार्बरमधला अवाढव्य गूपर ब्लूपर करून टाकला, सोंडा धरून ओढायच्या. २००५ च्या 'मारिओ कार्ट डीएस' मध्ये तर तो शर्यतीतली वस्तू झाला, पुढच्या गाड्यांच्या पडद्यावर शाई फेकणारी. आज अनेकांना ब्लूपर म्हटलं की ती शाईच आठवते. मूळ खेळात त्याने शाईचा थेंब टाकलेला नाही.

एक जागा राहिली, ८-४. शॉर्टकटचे पाइप वापरून १-२ मधून चौथ्या जगात आणि ४-२ मधून आठव्यात जाणारा खेळाडू २-२ आणि ७-२ दोन्ही चुकवतो. त्याची ब्लूपरशी पहिली गाठ पडते ती शेवटच्या किल्ल्यातल्या पाण्याच्या खोलीत, आणि तिथे 'कठीण' खूण आधीच लागलेली असते. शिवाय त्या खोलीत गोल फिरणारे आगीचे दांडे आहेत. मोकळ्या पाण्यात "ब्लूपर खाली येईपर्यंत थांब" हा सल्ला पाळायला सोपा होता; इथे थांबायची जागा दांड्याच्या फेऱ्यावर ठरते, आणि दांडा चुकवायला वर जावं तर ब्लूपर वाट बघतच असतो. तेव्हा क्रम उलटा लावावा लागतो: आधी दांड्याची फेरी बघायची, ती मोकळी असताना ब्लूपर झेपेत असेल तरच निघायचं, आणि दोन्ही जुळत नसतील तर दांड्याच्या टापूबाहेर, खालीच थांबून घड्याळातले थोडे आकडे जाऊ द्यायचे.